पनवेलचा कांदा आणि माझी पदवी

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला 'आता पुढे काय करणार?' असे विचारून तिचे उत्तर ऐकायला तुम्ही कधी थांबला आहात का?

खरे सांगा. मी पदवी घेऊन पनवेलला परतले तेव्हा हा प्रश्न मला अख्ख्या गावाने विचारला, आणि उत्तरही गावानेच दिले. टपाल नाक्यावर भेटलेले वडिलांचे स्नेही म्हणाले, "बँकेत चिकटून जा." मी तोंड उघडेपर्यंत ते सायकलवर बसले होते. मिरची गल्लीतल्या दुकानदाराने हळहळून सांगितले की बी.कॉम. तरी करायला हवे होते. एका बाईंनी शाळेत शिक्षिका व्हायला सुचवले, कारण मे महिन्याची सुट्टी मिळते. आणि शेजारच्या काकूंनी विचारले, "अर्थशास्त्र म्हणजे ते शिवण आणि स्वयंपाकाचं ना गं?"

"ते गृहशास्त्र, काकू. हे बाजारभावाचं."

"अगंबाई! मग सांग बघू, दिवाळीपर्यंत साखर स्वस्त होईल का?" असे म्हणून त्यांनी हात असा पुढे केला, जणू मी रेषाच बघणार होते.

"असं सांगता येत नाही, काकू."

"मग इतकी वर्षं मुंबईत केलंस तरी काय?"

काकूंचा प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. मुंबईत मी परळला मावशीकडे राहून सरकारी कॉलेजात जात होते. आमचे प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या टिपणांतून वाचून दाखवत आणि आम्ही उतरवून घेत असू. त्या टिपणांत सफरचंदे होती, लोकरीची ब्लँकेटे होती आणि गव्हाचे बुशेल होते. बुशेल म्हणजे नेमके किती, असे मी एकदा उभी राहून विचारले. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." भात, मीठ, सुकट, कांदा यांचा उल्लेख त्या सगळ्या वर्षांत एकदाही झाला नाही. प्रत्येक नियमाची सुरुवात मात्र एकाच मंत्राने होई: 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास.' इतर परिस्थिती कायम राहिल्यास किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम राहिल्यास मागणी घटली की किंमत उतरते. मला तो मंत्र फार भारदस्त वाटे, कारण आमच्या घरी कायम असे काही नव्हतेच.

आमचे घर म्हणजे पत्रकांचे घर. वडील छापखान्यात खिळे जुळवत. गावातली कुठलीही चळवळ आधी त्यांच्या बोटांतून जाई आणि मग रस्त्यावर येई. पाटीवर 'ग म भ न' गिरवायच्या आधी मला 'जाहीर सभा' वाचता येत होते. उरलेली पत्रके घरी येत. ती फळ्यांवर अंथरली जात, माझ्या पुस्तकांना चढवली जात आणि लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधली जात. कैरीच्या लोणच्यावर 'जुलूम सहन करू नका' असे लिहिलेले असे आणि लिंबाच्या लोणच्यावर 'उठा, वेळ आली आहे'.

वडिलांचा देवावर राग नव्हता, पंचांगावर होता. मुहूर्त, तिथी, उपास यांनी माणूस बांधला जातो असे त्यांचे म्हणणे. मी दहावीत असताना त्यांनी घरात रीतसर सभा घेतली आणि ठराव मांडला की या घरात पंचांग राहणार नाही आणि कोणी तिथी काढणार नाही. दोन विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर झाला. आई तटस्थ राहिली. ती कणीक मळत होती. त्यानंतर आमच्या भिंतीवर टायरच्या दुकानाने फुकट दिलेले इंग्रजी तारखांचे कॅलेंडर लागले, आणि त्यावर सभांच्या तारखांना लाल गोल पडत राहिले.

अशा घरातली मी, आणि त्या वर्षी बाजारपेठेत ग्राहक भांडार उघडायचे ठरले. वाण्याच्या मनमानीला आळा बसावा, सभासदांना रास्त भावात जिन्नस मिळावे, असा हेतू. भांडाराला व्यवस्थापक हवा होता. जाहिरात वडिलांनीच जुळवली आणि ओल्या शाईचा कागद घेऊन ते दुपारीच घरी आले. "हे तुझं काम आहे," म्हणाले. मलाही तसेच वाटले. बँकेत बसून दुसऱ्याच्या कागदांवर शिक्के मारण्यापेक्षा आपल्याच बाजारात आपले शास्त्र चालवून बघावे, याहून चांगली नोकरी मला सुचत नव्हती. ही हुकली असती तर पुढे शिक्के होतेच.

मुलाखत वाचनालयाच्या मागच्या खोलीत होती. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. शेजारी एक डॉक्टर, वाचनालयाचे चिटणीस आणि आणखी दोघे. माझ्या आधी आत जाऊन आलेला उमेदवार बाहेरच्या बाकावर पान लावत बसला होता. तो गावातल्या कांदे-बटाट्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा दिवाणजी होता.

अध्यक्षांनी माझी प्रमाणपत्रे सावकाश बघितली. "बाळ, पदवी चांगली आहे. पण बाजार म्हणजे वर्ग नव्हे. तिथे शिव्या असतात."

"शिव्या येतात मला, सर."

डॉक्टरांनी विचारले, "द्यायला, की ऐकायला?"

"दोन्ही. वडील छापखान्यात आहेत."

डॉक्टर हसले, बाकीचे खोकले. अध्यक्ष मात्र गंभीरच होते. "हे बघ, बाहेर जो बसलाय त्याच्या शेठने ज्येष्ठापासून कांदा चढवून ठेवलाय. गाव ओरडतंय. तुझ्या त्या शास्त्रात यावर काही औषध आहे?"

"आहे."

"मग भाव खाली आणून दाखव. पंधरवडा देतो. आणलास तर खुर्ची तुझी."

ते त्यांनी अशा सुरात म्हटले की मी हसून नमस्कार करावा आणि घरी जावे. मी म्हटले, "सर, हे इतिवृत्तात लिहून घ्या." चिटणिसांनी अध्यक्षांकडे बघितले. अध्यक्षांनी मान डोलावली. लिहिले गेले.

मी कामाला लागले. दोन-तीन दिवस बाजारात उभी राहिले. शेठकडे एरवी शनिवारी घाटावरून एक ट्रक येई. त्या शनिवारी दोन आले. हमाल संध्याकाळपर्यंत पोती उतरवत होते आणि शेठ स्वतः दारात उभा राहून जागा दाखवत होता. मला आनंदाने घाम फुटला. पुस्तकात हेच होते! साठा भरपूर, माल नाशवंत, हवा दमट. अशा वेळी गिऱ्हाईकच आले नाही तर शेठचे काय होईल? भाव दाणकन आपटेल. इतर परिस्थिती कायम राहिल्यास, अर्थात. म्हणून ठरवले, सोमवारपासून आठ दिवस कांद्यावर बहिष्कार.

वडील त्या दिवशी जेवायचे विसरले. पत्रक त्यांनी स्वतः जुळवले. 'पनवेलकर बंधुभगिनींनो! सोमवारपासून आठ दिवस कांदा विकत घेऊ नका! कांद्याविना जेवण होते, स्वाभिमानाविना होत नाही!' त्यांना शेवटी तीन उद्गारचिन्हे हवी होती, पण छापखान्यात तेवढी शिल्लक नव्हती. नाटकवाल्यांनी संपवली होती. छापखान्याच्या मालकाने मसुदा वाचला, माझ्याकडे बघितले आणि विचारले, "सोमवार नक्की ना?"

"नक्की."

"मग माझं काय जातं," म्हणत त्याने यंत्र सुरू केले.

घरी आईला वाचून दाखवले. ती चुलीपाशी होती. "सोमवारपासून?" तिने विचारले.

"हो. माल आल्या आल्या घाव घालायचा."

"बरं," ती म्हणाली, आणि फोडणीत कांदा टाकला.

रविवारी मी आणि वडील गावभर पत्रके वाटत फिरलो. ब्राह्मण आळीत तर स्वागतच झाले. "अगदी योग्य पाऊल!" एक वकील म्हणाले. "आमच्याकडे तसाही बुधवारपासून बंदच." पुढच्या घरीही तेच. "तसाही बंदच करणार होतो." जिथे जावे तिथे 'तसाही'. माझे पत्रक पोचायच्या आधीच लोकांनी मनोमन बहिष्कार ठरवून टाकलाय, हे बघून माझा ऊर भरून आला. गाव जागे झाले आहे, असे मी वडिलांना म्हटले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

उरण नाक्यावर मात्र गाडी अडली. तिथे खाडीपलीकडच्या गावातून भेंडी आणि काकड्या घेऊन येणारी एक आगरी बाई बसे. लहानपणापासून मी तिला मावशी म्हणत आलेली. तिने पत्रक उलटेपालटे करून बघितले.

"काय लिवलंय गो यात?"

"आठ दिवस कांदा विकत घेऊ नका, मावशी."

"आन् कालवनात काय घालू? तुजा कागूद?"

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. मी समजावू लागले की आपण नाही घेतला तर शेठला भाव उतरवावा लागेल.

"आमी नाय खाल्ला तं शेटचा काय जातंय? आमचीच चव जाते," ती म्हणाली. "जा पोरी, वर बामनांना दे. त्यांना जमंल ता."

मागासलेली जाणीव, असे मी मनात म्हटले. पत्रकांतून शिकलेला शब्द होता. त्या सकाळी त्याचा उपयोग करायला मिळाल्याचे मला समाधानही वाटले.

सोमवार उजाडला. आंघोळ करून, पांढरे पातळ नेसून मी बहिष्कार बघायला बाजारात गेले. बाजारपेठेच्या तोंडाशीच गर्दी होती. आधी मला वाटले, आपल्याला पाठिंबा द्यायला लोक जमलेत. मग पुढे गेले तर सगळ्यांच्या हातांत पिशव्या. वकील होते, वाचनालयाचे चिटणीस होते, शेजारच्या काकू तर दोन पिशव्या घेऊन कोपराने वाट काढत होत्या. शेठच्या दुकानासमोर रेटारेटी. त्याचे दोन्ही तराजू खाली-वर, खाली-वर. नव्या किलोच्या वजनांना अजून कोणी सरावले नव्हते, त्यामुळे किलो म्हणजे किती शेर यावरून ओरडा चाललेला. माझ्या आयुष्यात मी इतका कांदा एका दिवसात विकलेला बघितला नव्हता.

शेठने मला गर्दीतून पाहिले आणि हात जोडले. "या ताई, या! जागा द्या रे ताईंना. पत्रक वाचलं तुमचं. फार सुंदर भाषा."

"मग हे काय चाललंय?" मी विचारले.

"हे? आज नवमी ना, ताई."

"कसली नवमी?"

तराजू थांबले. मी शपथेवर सांगते, दोन्ही तराजू थांबले. मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू दुकानापासून रस्त्यापर्यंत पसरत गेले.

"कांदेनवमी, ताई!" शेठ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते कांद्याचे नव्हते. "परवा आषाढी एकादशी. चातुर्मास लागला की चार महिने कांदा-लसूण बंद. म्हणून आज पोटभर खाऊन घ्यायचा. भजी, थालीपीठ, झुणका, कांदेपोहे. दोन ट्रक उगाच आणतो काय मी? तुमच्या घरी नाही करत?"

"आमच्या घरी पंचांग नाही."

"अरेरे. मग पत्रक काढायच्या आधी माझं न्यायचं. खुंटीलाच असतं."

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कांदेनवमी होते ते मघापासून हसत असतील. हसा. पण हेही लक्षात घ्या की अख्ख्या गावात एकानेही मला आदल्या दिवशी सांगितले नाही. गंमत बघायची संधी कोण सोडतो?

परत येताना एस.टी. स्टँडवर भज्यांची कढई खळखळत होती. भजीवाल्याने एका कागदात घाणा गुंडाळला आणि तो कागद माझ्या ओळखीचा निघाला. शेठने माझी उरलेली पत्रके गोळा करून त्याला दिली होती. तेलाने 'स्वाभिमान' पारदर्शक झाला होता आणि पलीकडचे भजे दिसत होते. "शेठनं सांगितलंय, ताईंकडून पैसे घ्यायचे नाहीत," भजीवाला म्हणाला. मी ती भजी खाल्ली का? पत्रकात 'विकत घेऊ नका' असे स्पष्ट म्हटले होते. मी विकत घेतली नाहीत. यापेक्षा अधिक चौकशी करू नये.

घरी आले तर दारातच वास. आई भजी तळत होती. वडील वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारले.

"काय?"

"आज कांदेनवमी आहे ते!"

"या घरात तिथी काढायची नाही असा ठराव आहे ना?" आईने झारा निथळत ठेवला. "मी कशी काढणार? मी ठराव मोडत नाही."

वर्तमानपत्रामागून वडील म्हणाले, "तू तर तटस्थ होतीस."

"अजून आहे. खायचीत का गार करायचीत?"

आम्ही खाल्ली. घरच्या भज्यांनाही बहिष्कारातून सूट होती, कारण कांदे तिने शनिवारीच आणून ठेवले होते.

इथवर सगळे ठीक होते. मी हरले होते, गाव हसले होते, खुर्ची गेली होती. पण बुधवारपासून भलतेच घडू लागले. एकादशी झाली आणि अर्ध्या गावाने कांदा सोडला. शेठकडे नवमीला न खपलेला पुष्कळ माल उरला होता, कारण त्यानेही हावरटपणा केला होता. हवा इतकी दमट की भिंतींना हात लावला तर ओला व्हावा. पोत्यांतले कांदे मऊ पडू लागले, काहींना कोंब फुटले, वास बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत येऊ लागला. शेठने भाव उतरवला. कोणी फिरकेना. आणखी उतरवला. पंधरवडा संपायच्या आत कांदा चैत्रातल्या भावापेक्षाही खाली आला.

आणि गावाने त्याचे श्रेय मला दिले! हो, त्याच गावाने. ज्यांनी नवमीला पिशव्या भरून नेल्या, ते आता मला रस्त्यात थांबवून म्हणू लागले, "कमाल केलीस. आठ दिवस आम्ही कांद्याला हात लावला नाही." वकिलांनी तर सांगितले की पत्रक त्यांच्या हृदयाला भिडले. काकूंनी हाक मारून पुन्हा साखरेचे विचारले. मी रागाने त्यांना 'होईल स्वस्त' असे सांगून टाकले.

मला मात्र चैन पडेना. मी दारोदार जाऊन विचारू लागले. कोळीवाड्यात, मुसलमान मोहल्ल्यात, खानावळींत, बैलगाड्यांच्या चाकांच्या कारखान्यांतल्या कामगारांकडे कांदा नेहमीसारखाच चालू होता. सोडला होता तो चातुर्मास पाळणाऱ्यांनी. त्यांच्यापैकी माझे पत्रक वाचून सोडणारे एकही घर मला सापडले नाही. गावाने व्रत पाळले होते. बहिष्काराशी त्याचा काही संबंध नव्हता.

समितीची सभा ठरली त्या दिवशी वडिलांनी मला बाजूला घेतले. "हे बघ, चळवळ यशस्वी झाली की कारणं विचारू नयेत."

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, खरं ते छापायचं?"

"छापायचं," ते म्हणाले. "मुलाखतीत सांगायचं असं कुठे म्हटलं?"

मी आत गेले. अध्यक्ष उठून उभे राहिले. "शाबास! अट पूर्ण झाली. आम्हाला वाटलं नव्हतं, पण झाली."

"भाव माझ्यामुळे उतरला नाही, सर. पंचांगामुळे उतरला."

अध्यक्ष पुन्हा खाली बसले. मी सगळे सांगितले: नवमीचा साठा, एकादशी, दमट हवा, कोणी सोडला, कोणी नाही. आणि मग जे सांगायला मी खरी आले होते ते सांगितले. पनवेलची माणसे दरवर्षी एकाच दिवशी कांद्यावर तुटून पडतात आणि शेठ त्याच दिवसाची वाट बघत महिनाभर भाव चढवत नेतो. घरोघरच्या बाया वैशाखात आगोट भरतात, पावसाळ्याचे धान्य, सुकट, मिरची सगळे घेऊन ठेवतात. तसेच भांडारानेही वैशाखात, कांदा स्वस्त असताना, शेतकऱ्यांकडून घेऊन माळ्यावर वाळवून ठेवावा आणि नवमीच्या आठवड्यात रास्त भावाने विकावा. शेठचा भाव आपोआप खाली येईल. पत्रकही लागणार नाही.

डॉक्टर पुढे सरकून ऐकत होते. पण अध्यक्ष पेन्सिलीने टेबलावर टकटक करत म्हणाले, "म्हणजे तूच म्हणतेस की अट पूर्ण झाली नाही."

"अट भाव उतरण्याची होती, सर. तो उतरला. का उतरला हे सांगणारं माणूस तुम्हाला हवंय की नको?"

"का उतरला हे तर आमच्या घरातली आजीसुद्धा सांगेल," एक सभासद म्हणाले.

"मग आजींना नेमा. माझी हरकत नाही."

हे उत्तर मला आजही आवडते. समितीला आवडले नाही.

आठवड्याभराने अध्यक्ष मला रस्त्यात भेटले. जागा शेठच्या दिवाणजीला दिली होती. "एका वर्षासाठी, तात्पुरती," ते म्हणाले. "त्याला बाजाराची माहिती आहे गं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला आम्ही सल्लागार केलंय. मानद."

"मानद म्हणजे काय मिळतं?"

"सभेला चहा मिळेल."

शेठच्या तावडीतून सुटायला काढलेले भांडार शेठच्याच दिवाणजीच्या हाती गेले, यात गावाला काही विचित्र वाटले नाही. माझी योजनाही वाया गेली नाही, ती त्याच्याकडे सोपवण्यात आली. पुढच्या वैशाखात त्याने ती अक्षरशः अमलात आणली. भांडाराचा माळा कांद्याने भरला. तो कांदा त्याने शेतकऱ्यांकडून आणला नाही, आपल्या जुन्या धन्याकडून घेतला. नवमीच्या आठवड्यात भांडारातला भाव आणि शेठच्या दुकानातला भाव जुळ्या भावांसारखे दिसत होते. उरण नाक्यावरच्या मावशीने मला विचारले, "काय गो, तुज्या भांडारात पन तोच भाव? मंग दोन दुकाना कशाला हायेत?"

दरम्यान माझ्याबरोबर पदवी घेतलेले मार्गी लागत होते. एक बँकेत शिक्के मारतो. एकाने बापाचे कापडदुकान धरले. एक विमे विकतो आणि भेटला की आधी माझ्या प्रकृतीची चौकशी करतो. मी शिकवण्या घेते, छापखान्यात मुद्रिते तपासते आणि जाहिराती बघते. बँकेने मला एकदा बोलावले होते. मी गेले नाही. मला ती खुर्ची हवी होती, अजून हवी आहे, आणि ती दान म्हणून नको. सर्वांसमोर परीक्षा घ्या: दिवाणजीची, माझी, आणखी कोणी येईल त्याची. जो जिंकेल त्याने बसावे.

म्हणून मी भांडाराची सभासद झाले आणि गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत उभी राहिले. सभागृह भरलेले. पाठीमागे बटाटेवड्यांची टोपली आली होती आणि निम्म्या माना तिकडे वळलेल्या. मी सूचना मांडली की व्यवस्थापकाची जागा दरवर्षी जाहीर परीक्षा घेऊन भरावी आणि परीक्षेत भांडाराच्या खरेदीबद्दल प्रश्न असावेत.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारले, "सूचनेला अनुमोदक आहे का?"

मी वळून बघितले. वकील छताकडे बघत होते. डॉक्टर आले नव्हते. काकू माझ्या मागेच होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरून माझ्या कानात सांगितले, "मला पटलंय गं अगदी. पण उठून कसं बोलायचं? सगळे बघतात."

"अनुमोदक नाही. सूचना बाद," अध्यक्ष म्हणाले. दिवाणजीची मुदत एका वर्षाने वाढली. वडे चांगले झाले होते.

यंदाची वार्षिक सभा जवळ आली आहे. सूचना मी मांडणार आहे, भाषण मी करणार आहे, हशा झाला तर तो माझ्या वाट्याचा. भांडाराचे सभासद असाल तर तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. सभेला या, पुढच्या रांगेत बसा, आणि अध्यक्षांनी विचारताच हात वर करून मोठ्याने म्हणा, "माझे अनुमोदन आहे." पनवेलचे नसाल तर तुमच्या गावातल्या भांडाराच्या सभेला जा. तिथेही कोणीतरी एकटे उभे राहिलेले असेल. त्याच्यासाठी म्हणा. वडे नंतर खा.